शेवाळ विभागाची निवडणूक

४ ऑगस्ट

प्रिय उंटिणी,

तू विचारलंस, "निवृत्तीला दहा महिने उरले, आता ऑफिसात माशा मारत असशील ना?" बसले होते गं माशा मारायला, पण माशांऐवजी शेवाळ निघालं.

माझं काम तुला ठाऊक आहे. विद्यापीठात प्रत्येक विभागातली मुलं आपला एक प्रतिनिधी निवडून देतात, आणि निवडून आलेल्या त्या पोरांना सांभाळणं हे माझ्या कक्षाचं काम. कक्ष म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. पोरांना बैठकीत बोलायला शिकवायचं, वर्गाच्या तक्रारी नीट लिहून घ्यायला लावायच्या, बिल्ला द्यायचा, वही द्यायची, आणि एखादा प्राध्यापक अंगावर खेकसला की चहा-बिस्किटं देऊन पोराला परत उभं करायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय. शाळेत मॉनिटर होते, अजूनही मॉनिटरच आहे म्हण ना.

यंदा चौसष्ट विभागांपैकी त्रेसष्ट ठिकाणी प्रतिनिधी निवडून आले. राहिला शेवाळ विभाग. तिथे एक प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, आणि एक विद्यार्थिनी, तिला सगळे एकुलती म्हणतात. संपला विभाग. मास्तर अजून रोज सकाळी हजेरी घेतात. तिचं नाव पुकारतात, चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवतात, आणि समोरून "हजर, सर" आलं की त्यांना खरोखर आनंद होतो.

आता गंमत संपली आणि घोर सुरू झाला, तो ऐक. अठरा नोव्हेंबरला विद्या मंडळाची बैठक आहे. हे मंडळ सहा महिन्यांतून एकदाच भरतं, आणि या खेपेला शेवाळ विभाग बंद करायचा ठराव येणार आहे. बंद झाला तर एकुलतीची रवानगी मत्स्य विभागात. तिने विभागाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पहिल्या वर्षापासून शेवाळाचा एक तुकडा मोजत आणलाय. वर्षाला अंगठ्याच्या पेराएवढा वाढतो. तिसरं माप एप्रिलमध्ये घेतलं की तिची पदवी पुरी होते. पण विभाग गेला की भिंतीला रंग. रंगाचे डबे आत्ताच येऊन माझ्या दाराशी पडलेत. ठराव नंतर, डबे आधी!

मंडळात विद्यार्थ्यांच्या बाजूने फक्त निवडून आलेला प्रतिनिधी बोलू शकतो. नुसत्या विद्यार्थिनीला आत पाऊल टाकायची मुभा नाही. म्हणून निवडणूक हवीच.

तर निवडणूक झाली. क्रीडाशिक्षक निवडणूक अधिकारी होते, गळ्यात शिट्टी होती. पेटी आली, पडदा आला, लाखेचं सील आलं. मतदारांच्या यादीत एक नाव, उमेदवारांच्या यादीत तेच नाव. हरकती घ्यायला तीन दिवस दिले. आदल्या दिवशी प्रचाराला बंदी होती. मी गमतीने एकुलतीला म्हटलं, "आज आरशात बघून स्वतःशी बोलू नकोस हं," तर क्रीडाशिक्षकांनी ते गंभीरपणे नियमांत लिहून घेतलं.

मतदान दहा ते पाच. ती दहा वाजून दोन मिनिटांनी मत देऊन गेली. आम्ही दोघं पाचपर्यंत बसून राहिलो. पेटी उघडली. उमेदवाराला शून्य मतं. 'यापैकी कोणीही नाही' याला एक.

कुलसचिव कागद बघून म्हणाले, "बाई, मतदारांत नाराजी दिसतेय."

"सर, मतदार एकच आहे."

"कोण ते मला सांगू नका. मतदान गुप्त असतं."

फेरनिवडणूक ठरलीय. या पोरीने असं का केलं असेल? मला विचारायची सोय नाही. तूच सांग.

तुझी,
मॉनिटर


१३ ऑगस्ट

मॉनिटरबाई,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं ही चूक झाली. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते आणि मी खिडकीशी उभी राहून हसत होते. त्यांना वाटलं, मी त्यांच्या दाढेला हसतेय.

तू इतकी शिकलेली, आणि तुला कळू नये? पोर चांगल्या घरातली आहे, दुसरं काय! कॉन्व्हेंटात सिस्टरनी आपल्याला काय शिकवलं होतं? निवडणुकीच्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून, पांढरा झगा सावरत: "मुलींनो, स्वतःला मत देणं म्हणजे पाहुण्यांच्या आधी ताटात हात घालणं." मला तर त्या वेळी वाटलं होतं की स्वतःला मत देणारीचा हात तिथल्या तिथे काळा पडेल.

आठवतं ना? एकतीस मुली, सोळा विरुद्ध पंधरा. तू सोळा, मी पंधरा. मी तुला मत दिलं, तू मला दिलंस, दोघींनी सिस्टरची शिकवण पाळली आणि तू एका मताने निवडून आलीस. तेव्हापासून तू मॉनिटरबाई ती आजतागायत. त्या पोरीला तू काय सांगणार म्हणा? 'दे स्वतःला मत' हे सांगायलासुद्धा तशी माणसं लागतात. तू त्यातली नाहीस.

बाकी, मी नोव्हेंबरअखेर दवाखाना बंद करतेय. हात अजून थरथरत नाहीत, पण थरथरायला लागायच्या आत थांबावं. पेशंटना सांगितलं तर एक म्हातारा म्हणाला, "मग माझे उरलेले चार दात तोवर काढूनच टाका, दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही." असं प्रेम!

तुझी,
उंटीण


२ सप्टेंबर

प्रिय उंटिणी,

दवाखान्याचं वाचलं. तुझ्या दारावरची ती किणकिणणारी घंटा माझ्या कानात आहे. पण रडायला नंतर बसू, आधी निवडणूक.

दुसरी फेरी झाली. या वेळी पोरीने स्वतःच्या नावापुढे शिक्का मारला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'क्षमस्व'. क्रीडाशिक्षकांनी चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "मतपत्रिकेवर जादा मजकूर आहे. मत बाद." शिट्टीही वाजवली. निकाल: वैध मतं शून्य.

कुलसचिव म्हणाले, "बाई, तिसऱ्या फेरीतही झालं नाही तर शेवाळ विभागाला प्रतिनिधी नको आहे असं धरून चालू."

मग मला राहवलं नाही. एकुलती दुपारी कॉरिडॉरमध्ये भेटली. हातात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली. शेवाळाला दिवसातून दोनदा पाणी मारायचं असतं. बोट कायम ओलं, पुसायला ओढणीचं टोक. मी नुसतं म्हटलं, "काय गं, कसं चाललंय?" तर तीच म्हणाली,

"मॅडम, स्वतःला मत दिलं तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? मतदान गुप्त आहे."

"पण मत एकच आहे ना, मॅडम. कुणी दिलं ते सगळ्यांना कळेलच की."

"मग दुसरं कोण देणार आहे तुला?"

"आई म्हणते, आपलं आपण वाढून घ्यायचं नाही. कुणी वाढेपर्यंत थांबायचं."

"किती वेळ?"

ती विचार करून म्हणाली, "वाढेपर्यंत."

उंटिणी, तिचा चेहरा बघून मला आपली शाळा आठवली. मेणाने पुसलेल्या फरशा, ओळीने टांगलेले रेनकोट, आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभी असलेली तू, मान वर. मी तिला आपल्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. ती ऐकून पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही, मॅडम?" आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत एक विरुद्ध शून्य असं निवडून आली. क्रीडाशिक्षकांनी निकाल वाचला, "शंभर टक्के मतांनी!" मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या एकट्याच्याच असल्यामुळे फार वेळ वाजवल्या.

कोणती गोष्ट सांगितली ते पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

तुझी,
मॉनिटर


१० सप्टेंबर

मॉनिटरबाई,

पुढे कधीतरी नाही, आत्ता. आपल्या शाळेतल्या सगळ्या गोष्टी मला पाठ आहेत आणि त्यांतल्या एकीनेही कुणी स्वतःला मत द्यायला तयार होणार नाही. मी चाळीस वर्षं लोकांना "जरा तोंड उघडा" म्हणत आलेय. जी माणसं ओठ घट्ट मिटतात त्यांचीच दाढ किडलेली असते.

तोंड उघड.

दवाखान्याच्या खुर्चीला गिऱ्हाईक मिळालं, नोव्हेंबरात नेणार. दिवा, कपाट सगळं जातंय. प्रतीक्षाखोलीतला तो लाकडी बाक तेवढा कुणी घेईना. एक पाय आखूड आहे, बसलं की डगडगतो. म्हटलं राहू दे.

तुझी,
उंटीण


२७ सप्टेंबर

प्रिय उंटिणी,

उघडते. पण मला आडवळणाने जायची सवय आहे, तेव्हा आधी इकडचं ऐक.

एकुलतीला मी बिल्ला लावला, वही दिली आणि दरवर्षी सगळ्यांना शिकवते तेच शिकवलं. पहिला धडा: प्रतिनिधीने 'मी' म्हणायचं नाही. 'मला वाटतं' नाही, 'विद्यार्थ्यांचं म्हणणं असं आहे.' आपलं रडगाणं गाणारे प्रतिनिधी मी फार पाहिलेत, म्हणून या धड्यावर माझा जोर. पोरगी भलतीच शहाणी, तिने तो अक्षरशः पाळला. दर शुक्रवारी ती वर्गाची सभा घेते. रिकाम्या खोलीत उभी राहून विचारते, "कुणाला काही सांगायचंय?" मग समोरच्या बाकावर जाऊन बसते, हात वर करते, बोलते, परत येऊन लिहून घेते. मास्तर म्हणाले, "चर्चा कधीकधी लांबते."

अभ्यासक्रमाबद्दल मतं गोळा करायचा छापील फॉर्म असतो, निनावी. तिने भरला. शंभर टक्के प्रतिसाद! कुलसचिवांना संशय आला, म्हणाले, विद्यापीठाच्या इतिहासात कुठल्याच विभागात शंभर टक्के आलेलं नाही. आणि त्याहून पुढचं ऐक. पाचांपेक्षा कमी मुलांनी फॉर्म भरला असेल तर त्यातली उत्तरं कुणालाही दाखवायची नाहीत, कारण कुणी लिहिलं ते ओळखू येईल. असा नियम आहे, आणि तो मुलांच्या भल्यासाठी मीच मागून घेतला होता. त्यामुळे एकुलतीने काय लिहिलं ते प्रतिनिधी म्हणून एकुलतीला कळू शकत नाही. ते पाकीट सीलबंद होऊन माझ्या कपाटात पडलंय. मी तिला विचारलं, "मंडळात काय बोलशील?" ती म्हणाली, "विद्यार्थ्यांचं म्हणणं अजून हातात आलेलं नाही, मॅडम." थट्टा नाही, गंभीरपणे!

परवा तिला सभागृह दाखवून आणलं. अध्यक्षांच्या डाव्या हाताला सात नंबरची खुर्ची आहे, ती माझी. बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते. एकदा छतातून पाणी गळत होतं म्हणून मी दोन खुर्च्या सरकून बसले, तर कुलसचिवांनी अख्खी बैठक झालीच नाही असं ठरवलं. इतिवृत्त सात नंबरवरूनच लिहिलेलं हवं, हा त्यांनी स्वतः लिहिलेला नियम. एकुलतीने विचारलं, "आणि माझी जागा?" मी बोट दाखवलं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, एकटी खुर्ची. "मॅडम, तुम्ही तिथून ऐकू याल ना मला?" ती म्हणाली. मी हो म्हटलं.

माझ्या दाराबाहेर सूचनांची पेटी आहे. काल उघडली. एकच चिठ्ठी होती, निनावी, ओलसर बोटाचे डाग पडलेली. 'आमची प्रतिनिधी चांगली आहे, पण ती स्वतःबद्दल कधीच बोलत नाही. तिला कुणीतरी विचारायला हवं.'

चिठ्ठी हातात धरून बसले, आणि तुझं पत्र समोर.

उंटिणी, मी स्वतःला मत दिलं होतं. चौथीच्या वर्गात, त्या दिवशी, सिस्टरचं ते बोलणं ऐकल्यावर. चिठ्ठीवर तुझं नाव लिहायला घेतलं आणि हात आपोआप माझं लिहून गेला. दोनदा घडी घातली. तुला दिलं असतं तर तू सोळा झाली असतीस आणि मी पंधरा. सिस्टरनी फळ्यावर आकडे लिहिले तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तू वाजवल्यास. पन्नास वर्षं तू मला मॉनिटरबाई म्हणतेस आणि पन्नास वर्षं प्रत्येक वेळी मला ठणका लागतो. हीच गोष्ट मी एकुलतीला सांगितली. तुझ्या आधी तिला सांगितली, तेही माफ कर.

मॉनिटर अशी सही करायला आज हात उठत नाही.

तुझीच


१५ ऑक्टोबर

प्रिय उंटिणी,

पत्र पोहोचलं नसेल असं रोज स्वतःला समजावते. टपालवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "पोहोचलंय म्हणूनच परत आलं नाही, बाई." आता हा काय दिलासा झाला का?

इथे रंगारी येऊन उत्तरेच्या भिंतीचं माप घेऊन गेले. एकुलती शेवाळापुढे हात आडवे करून उभी राहिली. त्यांनी तिच्यासकट माप घेतलं.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझी


२ नोव्हेंबर

मॉनिटरबाई,

रागावले नव्हते. रागवावं का, हे ठरवायला महिना लागला. मग लक्षात आलं की तू तुझी दाढ काढून घेतलीस, माझी अजून तशीच आहे, म्हणून ठणकतेय.

तर ऐक. मी तुला मत दिलं ते सिस्टरच्या शिकवणीने नव्हे. ताट आणि पाहुणे गेले खड्ड्यात. मॉनिटरला पहिल्या बाकावर, सिस्टरच्या टेबलाला टेकून बसावं लागायचं, हे मला माहीत होतं. आपला चौथा बाक, खिडकीखालचा. त्याचा एक पाय आखूड होता, आणि तू तुझ्या भूगोलाच्या पुस्तकाचा पुठ्ठा फाडून, घडी घालून त्याखाली सरकवला होतास. मला तो बाक सोडायचा नव्हता. निवडून आले असते तर तुझ्या शेजारून उठून पुढे जावं लागलं असतं. म्हणून मी तुला मत दिलं. तू निवडून आल्यावर तूच उठून जाशील, हे मात्र डोक्यातच आलं नाही! नऊ वर्षांचं डोकं ते.

सोमवारी सकाळी तू दप्तर उचललंस, पुढे गेलीस. जाताना वाकून पुठ्ठाही काढून घेतलास, भूगोलाचा तास होता म्हणून. वर्षभर मी डगडगत्या बाकावर शुद्धलेखन लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे असं सगळे म्हणतात, त्याचं कारण आज कळलं तुला.

मत कुणी कुणाला दिलं याचं मला काही वाटत नाही गं. तू मागे वळून पाहिलं नाहीस, ते लागलं होतं. एवढंच.

त्या पोरीला तू दाराशी बसवलंयस आणि स्वतः अध्यक्षांच्या डाव्या हाताला. बघ बाई.

तुझी,
उंटीण


१९ नोव्हेंबर

प्रिय उंटिणी,

तुझं पत्र काल पर्समध्ये घेऊन बैठकीला गेले. आता सगळं क्रमाने सांगते, घाईत लिहितेय म्हणून अक्षर तुझ्यासारखं येतंय.

सभागृहात सत्तावीस माणसं. मी सात नंबरवर. एकुलती पार दाराजवळ, बिल्ला सरळ, वही मांडीवर, खुर्ची डुगडुग हलतेय. शेवाळ विभागाचा विषय आला. मत्स्य विभागाचे प्रमुख म्हणाले, "मुलीचं काही नुकसान नाही. आमच्याकडेही शेवाळ आहे. टाक्यांमध्ये. आम्ही ते घासून काढतो." मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष म्हणाले, "विद्यार्थी प्रतिनिधींना तीन मिनिटं."

ती उभी राहिली. "विद्यार्थ्यांचं म्हणणं..." आणि थांबली.

"किती विद्यार्थ्यांचं?" अध्यक्ष म्हणाले.

"सगळ्या, सर."

लोक हसले.

"हे तुमचं वैयक्तिक मत नव्हे ना?"

"नाही सर. माझं वैयक्तिक मत मी पेटीत टाकलंय."

आणखी हसले. तिने वहीत पाहिलं. उघडलेलं पान कोरं होतं, ते मला इतक्या लांबूनही दिसलं. मीच शिकवलं होतं ना, 'मी' म्हणायचं नाही. ती खोलीच्या त्या टोकावरून माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून लिहीत होते, 'प्रतिनिधी थांबल्या.'

उंटिणी, मग मी वही बंद केली, पेन घेतलं आणि उठले. सगळ्या टेबलाला वळसा घालून, सत्तावीस माणसांच्या पाठीमागून चालत दारापर्यंत गेले. भिंतीशी एक स्टूल होतं ते ओढलं. केवढा आवाज झाला! तिच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. विषयपत्रिकेची घडी घातली, वाकले आणि त्याखाली सरकवली. मग तिच्या शेजारी बसले.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "इतिवृत्त?"

"इथूनही ऐकू येतं, सर. बरंच नीट येतं." मग मी तिला हळूच म्हटलं, "एकुलते, तुला काय वाटतं?"

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मी म्हणू का, मॅडम?"

"म्हण."

"सर, मी एकटी आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे, एकटीसाठी विभाग ठेवत नाहीत. पण मी पहिल्या वर्षी मोजलं, दुसऱ्या वर्षी मोजलं. शेवाळाला घाई करता येत नाही. मला एप्रिलपर्यंत थांबू द्या. सर रोज माझं नाव घेतात. मी हजर आहे एवढं तरी लिहून घ्या." आणि बसली. खुर्ची हलली नाही.

कुणी हसलं नाही. पण हसणं थांबलं म्हणून मतं बदलतात असं थोडंच आहे? अध्यक्ष म्हणाले, "भावना समजल्या. ठरावाच्या बाजूने हात वर करा." मास्तर सोडून सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या डोळ्यांपुढे रंगाचे डबे.

"एक मिनिट," कुलसचिव म्हणाले. ते माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखही होतं आणि एक प्रकारचं तेजही. "सर, इतिवृत्त सात नंबरवरून लिहिलं गेलेलं नाही. प्रतिनिधीच्या बोलण्यापासून पुढचं काहीच झालेलं नाही."

"अहो, सगळ्यांनी हात वर केलेत!"

"ते कुठे लिहिलेलं नाही, सर."

"मग बाईंना जागेवर बसवा आणि परत घ्या."

"विषय एकदा मांडून झालाय, सर, आणि एका बैठकीत तोच विषय दोनदा घेता येत नाही. पुढच्या बैठकीत घेता येईल." त्यांनी डायरी चाळली. "मे महिन्यात."

अध्यक्षांनी हात खाली घेतला. मग एकेक करून सत्तावीस माणसांनी, म्हणजे सव्वीस, आपापले हात खाली घेतले. काही जण आपल्या हाताकडे बघत होते, तो वर गेला होता की नाही याची खात्री करत.

खरं सांगते, उठले तेव्हा नियम माझ्या डोक्यात नव्हता. डोक्यात बाक होता.

मास्तर बाहेर येऊन म्हणाले, "मे म्हणजे एप्रिलनंतर." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "दरवर्षी?" मग दोघंही हसलो, आणि एकुलती फवारा घेऊन भिंतीकडे पळाली. पाणी मारायची वेळ टळली होती.

मला खुलासा मागणारं पत्र आलंय: जागा का सोडली? सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचंय. एकोणीस वर्षांत पहिलं. मी काय लिहिलं सांगू? 'पन्नास वर्षांपूर्वी सोडायला नको होती, ती जागा परत घेतली.' कुलसचिव विचारायला आले, "ही जागा कोणत्या नियमात येते?" म्हटलं, शोधा.

आणि आज सकाळी सात नंबरवरचं माझं नाव मी स्वतः खरवडून काढलं. पुढच्या बैठकीचं इतिवृत्त दुसरं कुणीतरी लिहील. मी तिच्या शेजारी बसणार, स्टुलावर.

उंटिणी, मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुढे जाता आलं नसतं. तेव्हाही कळत होतं मला. आता वळून बघतेय. उशीर झालाय, पण तू तिथेच आहेस ना?

तुझी,
(आता काय लिहू ते तूच सांग)


२८ नोव्हेंबर

शेजारणी,

मॉनिटरबाई हे नाव आजपासून रद्द. वैध मतं शून्य.

दवाखाना काल रिकामा झाला. दारावरची घंटा काढून तुझ्यासाठी ठेवलीय. भिंतींवर कपाटांचे चौकोन तेवढे उरलेत. मधोमध तो बाक. त्यावर बसून हे लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे. शेवटचा पेशंट तो चार दातांचा म्हातारा, म्हणाला, "आता या बाकावर बसणार कोण?"

एकुलतीचं एप्रिलचं माप झालं की मला आकडा कळव. मग तुझी निवृत्ती झाली की जूनमध्ये ये. चांगली महिनाभर ये. भिंतीकडची बाजू माझी, खिडकीकडची तुझी, पूर्वीसारखंच.

येताना पुठ्ठा घेऊन ये.

तुझी,
उंटीण